राखेच्या बाजूने ‘द ग्रेट गॅट्सबी’

‘नैतिक ऱ्हास’ हा शब्द ऐकला की मला लगेच दोन प्रश्न पडतात. ऱ्हास कुणाच्या नीतीचा? आणि कधीच्या तुलनेत? ऱ्हास व्हायचा तर आधी काहीतरी उंचीवर असावं लागतं. पूर्वी सगळं चांगलं होतं, माणसं नीतीनं वागत होती, मग पैसा आला, बाहेरचे लोक आले, बायका घराबाहेर पडल्या आणि सगळं बिघडलं, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. ज्यांच्या आजोबांना त्या ‘पूर्वी’च्या काळात पाणवठ्यावर पाय ठेवता येत नव्हता, त्यांच्या घरात ही गोष्ट कुणी सांगत नाही. म्हणून जेव्हा एखाद्या कादंबरीबद्दल सगळे एकमुखानं म्हणतात की ती नैतिक ऱ्हासाची कादंबरी आहे, तेव्हा ती आपण आपल्या डोळ्यांनी पुन्हा वाचायला हवी.

स्कॉट फिट्झजेराल्डची ‘द ग्रेट गॅट्सबी’ ही अशीच कादंबरी. १० एप्रिल १९२५ रोजी न्यूयॉर्कच्या स्क्रिब्नर्स या प्रकाशनसंस्थेनं ती छापली. मी एम.ए.ला इंग्रजी घेतलं तेव्हा ती अभ्यासक्रमाला होती आणि सोबत गाईड होतं. गाईडमध्ये प्रतीकांची यादीच दिलेली होती. हिरवा दिवा म्हणजे अमेरिकन स्वप्न. राखेचं खोरं म्हणजे नैतिक अधःपतन. चष्मेवाल्या डॉक्टरच्या जाहिरातीतले डोळे म्हणजे देव. पिवळी गाडी म्हणजे पैशाचा माज. एवढं पाठ केलं की दहा मार्कांचं उत्तर होत होतं. ते उत्तर मीही लिहिलं आणि मार्कही मिळाले. पण त्या यादीत एक गोष्ट कुठंच नव्हती. त्या राखेत राहतं कोण, हे गाईडनं विचारलंच नव्हतं.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. काळ १९२२ चा उन्हाळा, जागा न्यूयॉर्क शहराजवळचं लाँग आयलंड. खाडीच्या एका काठावर ईस्ट एग, तिथं पिढीजात श्रीमंत राहतात. समोरच्या काठावर वेस्ट एग, तिथं नवश्रीमंत. वेस्ट एगच्या एका राजवाड्यात जे गॅट्सबी राहतो. तरुणपणी, सैन्यात असताना त्याचं डेझी नावाच्या बड्या घरातल्या मुलीवर प्रेम होतं. तो गरीब होता. तिनं शिकागोच्या गडगंज घराण्यातल्या टॉम ब्यूकॅननशी लग्न केलं. गॅट्सबीनं मग चोरट्या दारूच्या धंद्यात अफाट पैसा कमावला आणि तिच्या घरासमोर, पाण्यापलीकडे घर घेतलं. तिच्या धक्क्यावरचा हिरवा दिवा तो रात्री बघत उभा राहतो. टॉमचं मर्टल विल्सन नावाच्या बाईशी प्रकरण आहे. मर्टलचा नवरा जॉर्ज राखेच्या ढिगांशेजारी एक मोडकळीला आलेलं गॅरेज चालवतो. शेवटी गॅट्सबीची गाडी चालवताना डेझीच्या हातून मर्टल चिरडली जाते. गॅट्सबी दोष स्वतःवर घ्यायला तयार होतो. गाडी कुणाची ते टॉम जॉर्जला सांगतो. जॉर्ज गॅट्सबीला गोळी घालतो आणि स्वतःलाही संपवतो. टॉम आणि डेझी सामान बांधून निघून जातात. ही सगळी गोष्ट सांगणारा निक कॅरवे डेझीचा नातेवाईक आहे, टॉमचा कॉलेजातला ओळखीचा आहे आणि गॅट्सबीचा शेजारी आहे.

आता मेलेल्यांची यादी बघा. मर्टल, गॅट्सबी, जॉर्ज. एक गॅरेजवाल्याची बायको, एक गरीब शेतकऱ्याचा पोरगा, एक गॅरेजवाला. ज्यांच्या वागण्यामुळे हे तिघे मेले त्यांच्या अंगावर ओरखडाही नाही. याला ऱ्हास म्हणायचं का? मला तर यात एक व्यवस्था अगदी ठरल्याप्रमाणे चाललेली दिसते.

आधी त्या राखेबद्दल. ते खोरं लेखकाच्या मनातलं प्रतीक म्हणून आकाशातून पडलेलं नाही. ब्रुकलिनमधल्या घराघरांतल्या कोळशाच्या भट्ट्यांची राख खरोखरच क्वीन्समधल्या कोरोना नावाच्या भागात नेऊन टाकली जायची. तिचे डोंगर तयार झाले होते. लाँग आयलंडच्या बंगल्यांतून शहरात जाणारी रेल्वे आणि रस्ता त्याच बाजूनं जायचे. पुढं ती राख हटवून आणि सपाट करून तिथं १९३९ चं जागतिक प्रदर्शन भरवलं गेलं. आज तिथं मोठं उद्यान आहे आणि यूएस ओपनचे टेनिस सामने होतात. म्हणजे घर कुणाचं गरम झालं आणि राख कुणाच्या दारात पडली, हा हिशेब होता. गाईड त्या राखेला ‘आत्म्याची पोकळी’ वगैरे म्हणतं. देवनारच्या डम्पिंग ग्राउंडशेजारी वाढलेल्या पोराला हे सांगून बघा. शहराचा कचरा कुठं जाणार आणि तो कुणी उचलायचा हे कसं ठरतं, ते त्याला प्रतीकांशिवाय कळतं.

फिट्झजेराल्डला हे अर्धवट का होईना दिसत होतं. गॅट्सबीच्या पार्ट्यांचं वर्णन करताना तो सांगतो की दर शुक्रवारी संत्री-लिंबांच्या पाच पेट्या येतात, आणि दोनशे संत्र्यांचा रस काढायला एका नोकराला अंगठ्यानं दोनशे वेळा बटण दाबावं लागतं. दर सोमवारी आठ नोकर दिवसभर फरशी पुसतात, घासतात, ठोकाठोक करून आदल्या रात्रीची नासधूस दुरुस्त करतात. वर्गात पार्टीच्या झगमगाटाबद्दल तासभर बोललं गेलं. सोमवारबद्दल एक वाक्यही नाही.

आता टॉम ब्यूकॅननकडे येऊ. पहिल्याच प्रकरणात, जेवणाच्या टेबलावर, तो एका पुस्तकाबद्दल तावातावानं बोलू लागतो. गोरा वंश सावध राहिला नाही तर रंगीत वंश जग बुडवतील, असं त्या पुस्तकात ‘शास्त्रीय’ पद्धतीनं सिद्ध केलंय, असं त्याचं म्हणणं. कादंबरीतलं पुस्तक आणि लेखकाचं नाव काल्पनिक आहे, पण ते कुणाला उद्देशून आहे हे त्या काळच्या वाचकाला कळत होतं. लॉथ्रॉप स्टॉडर्डचं ‘द रायझिंग टाइड ऑफ कलर’ १९२० साली आलं होतं. त्याआधी १९१६ साली मॅडिसन ग्रँटचं ‘द पासिंग ऑफ द ग्रेट रेस’ आलं होतं. ही दोन्ही पुस्तकं कुणी छापली होती? स्क्रिब्नर्सनंच. ज्या संस्थेनं ‘गॅट्सबी’ छापली, तिनंच. टॉमचं ‘शास्त्र’ हे कुणा एका माथेफिरूचं खूळ नव्हतं, ते प्रतिष्ठित होतं. १९२४ साली अमेरिकेनं स्थलांतराचा कायदा केला. त्यात १८९० च्या जनगणनेच्या आधारे प्रत्येक देशाचा कोटा ठरवला, म्हणजे दक्षिण आणि पूर्व युरोपातले गरीब आपोआप कमी व्हावेत, आणि आशियाई लोकांना तर दार जवळपास बंदच केलं. त्याच वर्षी व्हर्जिनिया राज्यानं गोऱ्यांना इतर वंशात लग्न करायला बंदी घालणारा कडक कायदा केला. ही बंदी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९६७ साली रद्द केली.

लग्न हा मुद्दा ध्यानात ठेवा. सातव्या प्रकरणात, हॉटेलच्या खोलीत, गॅट्सबी आणि डेझीचं प्रकरण उघडं पडतं तेव्हा टॉम काय म्हणतो? बायको माझ्यापासून दुरावली, असं दुःख तो करत नाही. लोक आता कुटुंबव्यवस्थेची थट्टा करायला लागले आहेत, उद्या काळ्या-गोऱ्यांची लग्नं होतील, असं तो म्हणतो. खोलीत सगळे गोरेच आहेत. गॅट्सबीही गोरा आहे. मग काळ्या-गोऱ्यांच्या लग्नाचा विषय आला कुठून? वर्गात मी हे विचारलं तेव्हा उत्तर मिळालं की टॉम चिडला होता, त्यामुळे असंबद्ध बोलतोय.

टॉम असंबद्ध बोलत नव्हता. तो अगदी नेमकं बोलत होता, आणि हे समजायला आपल्याला गाईड लागत नाही. ९ मे १९१६ रोजी, त्याच न्यूयॉर्क शहरात, कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला होता. जातीचं मूळ लक्षण कोणतं, याचा शोध घेताना त्यांनी सोवळंओवळं, व्यवसाय, रोटीबंदी अशी एकेक बाब बाजूला केली आणि बोट ठेवलं ते सजातीय विवाहावर. समूहाभोवती लग्नाचं कुंपण घातलं की जात तयार होते, आणि ते कुंपण राखण्यासाठी मग बायकांवर बंधनं येतात. टॉमची भीती याच कुंपणाची आहे. त्याला स्वतःला कुंपणाबाहेरच्या बाईशी संबंध ठेवायला काही वाटत नाही. मर्टलसाठी त्यानं शहरात खोली घेतली आहे. पण मर्टल डेझीचं नाव पुन्हा पुन्हा घेऊ लागते तेव्हा तो तिचं नाक फोडतो. कुंपणाबाहेरच्या बाईनं आतल्या बाईचं नाव उच्चारायचं नाही. आपल्याकडं पाटलाच्या वाड्यावरची ‘नीती’ यापेक्षा वेगळी होती का? बाहेर जा, हवं ते कर, पण लग्न मात्र जातीत.

अमेरिकेच्या या कुंपणाला आपल्या जातीनं एकदा थेट कोर्टात साक्षीला बोलावलं होतं, हेही तरुण मित्रांनी लक्षात ठेवावं. पंजाबातून गेलेले आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात राहिलेले भगतसिंग थिंड यांनी नागरिकत्वासाठी दावा केला. तेव्हा नागरिकत्व गोऱ्या आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांपुरतं मर्यादित होतं. वंशानुसार नागरिकत्व देणंच अन्याय्य आहे, असा युक्तिवाद त्यांच्या बाजूनं झाला नाही. आपण उच्च जातीचे आर्य आहोत, आणि तुम्ही निग्रोंशी लग्नं टाळता तशीच उच्चजातीय हिंदू खालच्यांशी टाळतात, असा युक्तिवाद झाला. १९ फेब्रुवारी १९२३ ला सर्वोच्च न्यायालयानं तो फेटाळला. सामान्य गोऱ्या माणसाच्या समजुतीत हा गोरा नाही, एवढं म्हटलं. गॅट्सबीचा उन्हाळा १९२२ चा, हा निकाल त्यानंतरच्या हिवाळ्यातला. दोन्हीकडे दार ठोठावणारा भिंतीविरुद्ध बोलत नाही, मला आत घ्या एवढंच म्हणतो. बरोबर शंभर वर्षांनी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, सिएटल शहरानं जातीवरून भेदभाव करायला कायद्यानं बंदी घातली. ती काही वरच्या जातींच्या मागणीवरून आलेली नाही.

भिंत एकच असती तर गोष्ट सोपी होती. पण बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं, ती या कादंबरीत पायरीपायरीनं दिसते. मर्टल स्वतः राखेच्या कडेला राहते, पण शहरातल्या खोलीत कपडे बदलले की बर्फ आणायला उशीर करणाऱ्या नोकर पोरावर ती खालच्या लोकांना सारखं दामटावं लागतं म्हणून खेकसते. तिची शेजारीण सांगते की मी एका ज्यू माणसाशी लग्न करता करता वाचले, तो माझ्या पायरीचा नव्हता. मर्टलला नवऱ्याचा सगळ्यात मोठा राग कशाचा आहे? लग्नात त्यानं दुसऱ्याचा सूट मागून आणला होता, याचा. प्रत्येकाला आपल्या खाली कुणीतरी हवं आहे. म्हणूनच शेवटी जॉर्ज विल्सनची बंदूक टॉमकडे वळत नाही. ती गॅट्सबीकडे वळते. खालच्याच्या हातून मधला मरतो आणि वरच्याला फक्त एक नाव सांगावं लागतं. आपल्या गावांमधल्या किती दंगलींमध्ये हेच घडलंय हे मी वेगळं सांगायला नको.

जॉर्जबद्दल आणखी एक गोष्ट. बायको मेल्याच्या रात्री तो खिडकीतून त्या जाहिरातीच्या फलकाकडे बघत बसतो. डॉ. एकलबर्ग नावाच्या कुण्या डोळ्यांच्या डॉक्टरानं धंद्यासाठी लावलेला तो फलक. डॉक्टर केव्हाच निघून गेला, चष्म्यातले निळे डोळे राहिले, रंग उडालेले. जॉर्ज म्हणतो की देव सगळं बघतो. शेजारी हॉटेल चालवणारा मायकेलिस हा ग्रीक तरुण त्याला समजावतो की अरे, ती जाहिरात आहे. इथं गाईड लिहितं की डोळे म्हणजे देवाचं मौन आणि समाजाची श्रद्धाहीनता. मला त्या खोलीत सगळ्यात शहाणा माणूस मायकेलिस वाटतो. बघणारा आणि काहीच न करणारा देव जॉर्जच्या कुठल्या कामाचा? त्याला गाडी कोण चालवत होतं हे सांगणारा एक माणूस हवा होता. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये नीतीला देवाच्या आधारावरून उतरवून माणसामाणसातल्या नात्यावर उभं केलं, त्याचं मोल ही रात्र वाचताना फार कळतं. नीती आकाशातून बघत नाही. ती शेजाऱ्यानं खरं सांगण्यात असते.

आणि खरं कोण सांगतं? अपघातानंतर पोलीस विचारपूस करतात तेव्हा गर्दीतून एक नीटनेटका कपडे घातलेला काळा माणूस पुढं येतो आणि सांगतो की गाडी पिवळी होती, मोठी, नवी. एवढंच. त्याला नाव नाही. तो पुन्हा येत नाही. सगळ्या कादंबरीत पुढं होऊन सत्य सांगणारा हा अनाम साक्षीदार आणि त्याला चार ओळी. दुसऱ्या एका ठिकाणी, पुलावर, एका गोऱ्या ड्रायव्हरच्या गाडीत बसलेले तीन रुबाबदार काळे लोक दिसतात आणि निकला हसू फुटतं. वुल्फशाइम या ज्यू पात्राचं वर्णन तर त्याच्या नाकापासून सुरू होतं. पार्टीत वाजणाऱ्या ‘जगाचा जॅझ इतिहास’ नावाच्या रचनेचा कर्ता कोण? एक रशियन नावाचा गृहस्थ. ज्या दशकाला फिट्झजेराल्डनंच जॅझ युग म्हणून मिरवलं, त्या दशकाची कादंबरी, आणि जॅझ निर्माण करणारा समाज मात्र तिच्या बाहेर. तमाशाचं कौतुक करायचं आणि तमासगिरांच्या वस्तीत पाय ठेवायचा नाही, हे आपल्याला ओळखीचं आहे. फिट्झजेराल्डनं १९२१ मध्ये युरोपातून मित्राला लिहिलेल्या एका पत्रात टॉमच्या तोंडी शोभेल असाच वंशद्वेष आहे. म्हणून या लेखकाला डोक्यावर घ्यायचं कारण नाही. पण त्यानं टॉमला ओळखलं होतं आणि त्याचं ‘शास्त्र’ हास्यास्पद करून दाखवलं, हेही तितकंच खरं. पुस्तक लेखकापेक्षा थोडं जास्त बघतं, असं कधी कधी होतं.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. ऱ्हास कुणाचा? अपघाताच्या रात्री निक खिडकीतून बघतो. टॉम आणि डेझी स्वयंपाकघरात टेबलाशी समोरासमोर बसलेत. मध्ये थंड तळलेली कोंबडी आणि दोन बाटल्या. टॉमचा हात तिच्या हातावर आहे. बाहेर अंधारात गॅट्सबी तिच्या रक्षणासाठी पहारा देत उभा आहे. या चित्रात नीती नाहीशी झालेली नाही. ती भरपूर आहे. दोघे एकमेकांशी प्रामाणिक आहेत, एकमेकांना वाचवताहेत, घर सांभाळताहेत. फक्त ती नीती टेबलापुरती आहे. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’त हेच सांगितलं होतं की जातीनं सदाचारालाही जातीपुरता करून ठेवलं आहे. सहानुभूती आहे पण आपल्या माणसाला, दानत आहे पण आपल्या माणसापुरती. असा समाज अनीतिमान दिसत नाही. तो देवधर्म करतो, पाहुणचार करतो, आईवडिलांना जपतो. आणि त्याच्या गाडीखाली बाहेरचं माणूस आलं की गाडी थांबत नाही.

‘ऱ्हास’ म्हटलं की उपाय सोपा होतो. जुने संस्कार परत आणा, झालं. पण टॉम हाच जुने संस्कार आहे. घराणं, कुटुंब, वंशाची शुद्धता याबद्दल सगळ्यात जास्त तोच बोलतो. चोरट्या दारूवरून गॅट्सबीला गुन्हेगार ठरवणारा तोच, आणि उन्हात त्या हॉटेलच्या खोलीत व्हिस्कीची बाटली घेऊन येणाराही तोच. दारूबंदी १९२० ते १९३३ होती. विकणारा गुन्हेगार, पिणारा खानदानी.

आणि निक? सगळ्यांवर नैतिक निवाडा करणारा निक शेवटी रस्त्यात टॉम भेटल्यावर आधी हात मिळवायला नकार देतो आणि मग मिळवतो. पहिल्या पानांवर तो स्वतःच्या घराण्याबद्दल एक गोष्ट सहज सांगून जातो. त्याच्या आजोबांच्या भावानं यादवी युद्धात स्वतःऐवजी दुसरा माणूस पाठवला आणि इकडं घाऊक व्यापार सुरू केला. गुलामगिरीच्या प्रश्नावर पेटलेलं युद्ध चालू असताना दुकान उघडलं गेलं, त्यावर हे सुसंस्कृत घर उभं आहे. अन्यायाबद्दल हळहळणारे, लेख लिहिणारे आणि शेवटी हात मिळवणारे निक आपल्यालाही भेटतात. त्यांच्याशी शत्रुत्व नको. पण आपल्या अंत्ययात्रेचा वृत्तांत आपण त्यांच्यावर सोडायचा नाही.

राहिला गॅट्सबी. मला या कादंबरीशी खरं भांडण त्याच्यासाठी करायचं आहे, कारण तो आपल्या पोरांसारखा आहे. नॉर्थ डाकोटातल्या गरीब शेतकऱ्याचा मुलगा जेम्स गॅट्झ, सतराव्या वर्षी नाव बदलून जे गॅट्सबी होतो. शहरात खोली भाड्यानं घेताना ‘पूर्ण नाव काय?’ या प्रश्नाचा अर्थ ज्यांना कळतो, त्यांना हे नाव बदलणं कळेल. आमच्या अभ्यासिकेतल्या एका मुलानं दाराबाहेरच्या पाटीसाठी आडनावाऐवजी गावाचं नाव वापरायला सुरुवात केली, तेव्हा कुणीही त्याला दोष दिला नाही. दोष त्याचा नाहीच. पण टॉमसमोर ते चालत नाही. गॅट्सबी गुलाबी सूट घालतो, एवढ्यावरून टॉम ठरवतो की हा ऑक्सफर्डचा असूच शकत नाही. कपडे, उच्चार, राजवाडा, सगळं मिळवूनही माणूस कुठून आला हा प्रश्न संपत नाही, कारण तो प्रश्न विचारण्याचा हक्क वरच्याच्या हातात आहे.

शेवटच्या प्रकरणात गॅट्सबीचे म्हातारे वडील येतात. त्यांच्या खिशात मुलाचं एक जुनं फाटकं पुस्तक असतं. त्याच्या मागच्या पानावर १२ सप्टेंबर १९०६ या तारखेसह लहान जिमीनं लिहिलेलं वेळापत्रक आहे. सकाळी सहाला उठणं, व्यायाम, विजेचा अभ्यास, काम, खेळ, वक्तृत्वाचा सराव. खाली निश्चय लिहिलेत. वेळ वाया घालवायचा नाही, पैसे वाचवायचे, आठवड्याला एक चांगलं पुस्तक वाचायचं, आईवडिलांशी नीट वागायचं. अभ्यासिकेत आम्ही हे पान वाचलं तेव्हा कुणी बोललं नाही. तिथल्या भिंतीवर अशी आठ-दहा वेळापत्रकं चिकटवलेली आहेत. एमपीएससीची, पोलीस भरतीची, नेटची. मग एक मुलगी म्हणाली, “सर, याच्या वेळापत्रकात आईवडील सोडले तर माणसंच नाहीत.”

तिनं जे सांगितलं ते मला कुठल्या समीक्षेत सापडलं नव्हतं. न्यूयॉर्कमध्ये १९१३ ते १९१६ या काळात आणखी एक तरुण असाच घड्याळ लावून अभ्यास करत होता. त्यानंही पुढं सूट घातला. तो सूट आज गावोगावच्या पुतळ्यांवर निळ्या रंगात आहे आणि अनेकांच्या डोळ्यात खुपतो. पण तो सूट कुणाच्या धक्क्यावरच्या दिव्याकडे बघत घातलेला नव्हता. आत घ्या, असं तो म्हणत नव्हता. ज्यांना अंगभर कपडा घालायची बंदी होती त्या सगळ्यांच्या वतीनं तो घातलेला होता. बाबासाहेब परत आले ते वस्तीत, परिषदांत, महाडच्या तळ्यावर. १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या काळ्या जनतेच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या निवेदनाची प्रत मागवली. म्हणजे त्यांच्या वेळापत्रकात समुद्रापलीकडची माणसंही होती. गॅट्सबीनं पाण्यापलीकडे एक दिवा बघितला, बाबासाहेबांनी पाण्यापलीकडे आपल्यासारखीच माणसं बघितली.

गॅट्सबीच्या घरी शेकडो लोक जेवून, पिऊन, नाचून गेले. त्याच्या अंत्यविधीला वडील, निक, चार-पाच नोकर, वेस्ट एगचा एक पोस्टमन आणि चष्मेवाला एक पाहुणा, एवढेच आले. डेझीनं फूलही पाठवलं नाही. वर्गात हे ‘मानवी एकाकीपणा’ म्हणून शिकवलं गेलं. मला त्यात एकच गोष्ट दिसते. गॅट्सबीच्या मागे पाहुणे होते, समाज नव्हता. तो त्यानं कधी उभाच केला नाही. ज्या राखेच्या कडेनं तो रोज गाडीतून जायचा, तिथं त्याच्यासारखे लोक होते. त्यांच्याकडं त्यानं कधी बघितलं नाही.

म्हणून मित्रांनो, नोकरी मिळवा, चांगले कपडे घाला, इंग्रजी फाडफाड बोला, मोठं घर घ्या. त्यात काही वाईट नाही. बाबासाहेबांनी आपल्याला दारिद्र्याचं कौतुक कधी शिकवलं नाही. पण आपली किंमत समोरच्या काठावरून कुणी मान हलवली की ठरणार असेल, तर सगळं मिळवूनही आपण त्या धक्क्याबाहेर अंधारात पहारा देत उभे राहू, आणि आत टेबलाशी कोंबडी खात आपला निकाल लागलेला असेल. भिंतीवरच्या वेळापत्रकात एक तास लिहा, वस्तीतल्या लहान पोरांना शिकवण्याचा. आठवड्यातली एक संध्याकाळ लिहा, बैठकीची. शक्य असेल तर जातीबाहेरच्या जोडप्याच्या लग्नाला साक्षीदार म्हणून जाण्याचीही एक तारीख लिहा, कारण कुंपण तिथंच तुटतं, हे १९१६ पासून आपल्याला माहीत आहे.

आणि कुणी ‘नैतिक ऱ्हास’ म्हणालं, तर शांतपणे विचारा, गाडी कोण चालवत होतं?

जय भीम.